‘जाइव्ह’ : अर्थ व उपयोग

स्नेहसंमेलनाच्या तयारीस प्रारंभ झाला की वर्गावर्गांतून ‘जाइव्ह’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. कोणी कशाही गाण्यावर उड्या मारो, विद्यार्थ्यांच्या लेखी तो जाइव्हच! उलटपक्षी, कार्यक्रमपत्रिकेत हे नाव न छापता ‘पाश्चात्त्य नृत्य’ असे मोघम लिहावे, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. आमच्या मते उभय पक्ष या शब्दास अन्याय करीत आहेत.

हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याचा अर्थ थट्टेचे, थापेबाजीचे बोलणे असा होता. पुढे तो स्विंग संगीतास व त्यावरील चपळ युगुलनृत्यास लागला. १९३८ साली कॅब कॅलोवे या गायकाने या बोलीचा छोटेखानी कोशच प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी हे नृत्य इंग्लंडात नेले. यात जोडीदाराचा हात न सोडता, गुडघे लवचीकपणे उचलीत, सहा मात्रांत पावले बसवावयाची असतात. एकट्यानेच हातपाय झाडावयाचे असतील, तर त्यास मराठीत ‘धिंगाणा’ हा उत्तम शब्द आहे.

आता पालकांविषयी. मूळ अर्थ थापेबाजीचा म्हणून त्यांनी नाक मुरडू नये. आपला ‘तमाशा’ शब्द पाहावा. फारसीतून आलेला हा शब्द एका कलेचे नाव झाला, आणि त्याच शब्दाने ‘काय तमाशा मांडला आहे!’ म्हणून आपण मुलांस दटावतो. एवढ्याने पठ्ठे बापूरावांची लावणी हलकी ठरत नाही. कष्टकऱ्यांच्या कलेचे नाव शिवीसारखे वापरणारे लोक बहुधा त्या कलेच्या बाहेरचेच असतात.

शिवाय हा पाहुणा आपणांस तितकासा अपरिचितही नाही. आपली गोदावरी पुढे पुणतांब्यावरून वाहते. त्याच गावी १९१८ साली जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी स्विंगचा ठेका हिंदी चित्रपटात रुजविला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा त्यांच्या चालींवर नाचले. गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे रामचंद्रांचे साहाय्यक होते. गोव्यात व वांद्र्यास ख्रिस्ती लग्नसमारंभांतून आजी-आजोबा आजही जाइव्ह करतात, आणि त्यांच्या मर्यादेविषयी कोणी शंका घेत नाही.

म्हणून नाव छापावे ते ‘जाइव्ह’ असेच. मात्र ज्यांस ते हवे, त्यांनी तालमीस जोडीदारासह यावे.