औषध शोधायचे, तर शिकायचे काय?

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरात खरी चर्चा सुरू होते. 'नीट'मध्ये थोडक्यात हुकलेले असते, इंजिनिअरिंगमध्ये मन नसते. शेजारचे काका सुचवतात, "फार्मसीला घाला. नाहीच काही जमले तर मेडिकलचे दुकान टाकता येईल." त्यावर मुलगी हळूच म्हणते, "मला दुकान नको, मला औषध शोधायचंय." आणि सगळे गप्प होतात. कारण औषध शोधणारा माणूस काय शिकलेला असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

काकांचे एक बरोबर आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार फार्मासिस्ट म्हणून नोंदणी व्हायची तर फार्मसीचेच शिक्षण हवे. नुसत्या बी.एस्सी.ला ते दार बंद आहे. पण संशोधनाचे दार वेगळे आणि त्याला किल्ल्या अनेक.

न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड एलियनचे आजोबा कर्करोगाने गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने रसायनशास्त्र घेतले, १९३७ मध्ये पदवीधर झाली. मुलगी म्हणून प्रयोगशाळेत कोणी घेईना, तेव्हा शाळेत शिकवत तिने पुढची पदवी मिळवली. पीएच.डी. कधी पूर्ण झाली नाही. तरी रक्ताच्या कर्करोगावरचे मर्कॅप्टोप्युरिन तिच्या कामातून आले आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक तिला मिळाले. उलट हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू योयो यांनी शिक्षण घेतले होते ते औषधशास्त्राचेच. वनस्पतीचा अर्क उकळून नव्हे, तर कमी तापमानाला काढायचा, हे त्यांना एका प्राचीन ग्रंथातून सुचले. त्यांना नोबेल मिळाले २०१५ मध्ये. आपल्याकडचे डॉ. अंजी रेड्डी गुंटूरहून बी.एस्सी. होऊन माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, आले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. झाले.

तेव्हा प्रश्न पदवीच्या नावाचा नाही. त्या साखळीतले कोणते काम आवडते, याचा आहे. नवा रेणू घडवणे हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे काम. त्यासाठी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केमिस्ट्रीसारखा पाया नाही. तो रेणू शरीरात काय करतो हे पाहणे आणि त्याची पोटात नेमकी विरघळणारी गोळी बनवणे, इथे बी.फार्म., एम.फार्म. सरस. लस, इन्सुलिन अशा जैविक औषधांना सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हवे. आणि चाचण्यांचे आकडे तपासायला संख्याशास्त्र, ज्याचे नाव या चर्चेत कोणी काढतच नाही! मात्र एकदा बी.फार्म. केले की एम.एस्सी. केमिस्ट्रीकडे वळणे सहसा जमत नाही, हे फॉर्म भरण्याआधीच ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात एक गोष्ट विशेष घडली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे. त्यामुळे तोच रेणू नव्या वाटेने, स्वस्तात बनवणारे रसायनतज्ज्ञ इथे तयार झाले. २००५ पासून रेणूवरही पेटंट आले. तरी पद्धती सुधारण्याचे काम आजही मोठे आहे, आणि केमिस्ट्रीवाल्यांना नोकऱ्या मिळतात त्या बऱ्याचशा तिथेच. पालकांनी हे समजून घ्यावे. 'संशोधन' म्हटले की दरवेळी नवे औषध नसते.

आता न आवडणारी गोष्ट. पीएच.डी. होईतो वय अठ्ठावीस-तीस होते. 'नेट'मधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे मुलगी घरावर बोजा नसते. पण बरोबरीची मैत्रीण तोवर पुण्यात फ्लॅट घेते, आणि नातेवाईक विचारतात, अजून शिकतेच आहे का? माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतली साधारण नऊ बाजारात येतच नाहीत. डॉ. रेड्डींच्या कंपनीचा मधुमेहावरचा एक रेणू १९९७ मध्ये परदेशी कंपनीने घेतला, तेव्हा केवढा आनंद झाला होता! ते औषध पुढे बाजारात आलेच नाही. असे अपयश पचवणारा स्वभाव मुलीचा आहे का, हे मार्कांच्या कागदावर दिसत नाही. ते आईवडिलांनाच अधिक ठाऊक.

आणि प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजची इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, टायट्रेशन स्वतः करता की सर करून दाखवतात? बाटल्यांच्या बुचांवर धूळ असेल, तर फी कितीही कमी असो, पुढचे कॉलेज गाठा.