अंगणांतील हिरवळ

नवें घर उभें राहिलें, वास्तुशांत झाली, म्हणजे मंडळींचें लक्ष अंगणाकडे वळतें. मुलांस खेळावयास जागा हवी असते, वडीलधाऱ्यांस सायंकाळीं खुर्ची टाकून बसावयाचें असतें, आणि गृहिणीस पूजेच्या दूर्वा दाराशीं हव्या असतात. या सर्वांवर एकच तोड म्हणून हिरवळीचा बेत ठरतो. बाजारांतून बियांची पुडी येते, माळ्यास बोलावणें जातें. आणि दोन महिन्यांनीं पाहावें तों कोठें डबकें, कोठें भेग, कोठें लव्हाळ्याचें रान! मग सारा दोष बियांच्या माथीं येतो. आमच्या मतें तो दोष बियांचा क्वचितच असतो. जमिनीचा स्वभाव न पाहतां घाई केली, याचेंच तें फळ होय.

नागपुरांत तर हा स्वभाव जाणल्यावांचून पाऊल टाकूं नये. सीताबर्डीच्या टेकडींत जो काळा पाषाण दिसतो, त्याच जातीच्या पाषाणाची झीज होऊन येथील काळी माती बनली आहे. ती वैशाखांत तडकून भेगाळते आणि आषाढांत पाणी पिऊन फुगते. वर्षास सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक सारा चार महिन्यांत! अशा भूमीवर उन्हाळ्यांत दोरी लावून केलेली सपाटी श्रावणापर्यंत तशीच राहील, ही अपेक्षाच व्यर्थ.

शिवाय ‘सपाट’ या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. अंगण डोळ्यांस सपाट दिसावें, परंतु पाण्यास तें उतरतें लागावें. घराच्या भिंतीपासून बाहेर दर दहा फुटांस दोन इंच उतार पुरे. गवंड्याची पाणपातळीची नळी, चार खुंट्या आणि दोरी एवढ्या साहित्यानें घरांतील मोठीं मुलेंही तो मोजूं शकतील. मात्र उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडे काढूं नये. पाणी मोरीकडे किंवा रस्त्याच्या गटाराकडे न्यावें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीनें अंबाझरी तलाव ओसंडला आणि सखल वस्त्यांतील घरांत पाणी शिरलें. आपल्या दारचें पाणी कोठें जातें, हा प्रश्न एकट्या घरमालकाचा नव्हे, हें त्या दिवसानें नागपूरकरांस चांगलेंच शिकविलें आहे. सबंध अंगण फरशीनें मढविण्याची जी चाल पडत आहे, तिजविषयीं आम्हांस भय वाटतें तें याचसाठीं. फरशीवरून पाणी धांवत सुटतें. गवतांतून तें अडत, थोडें मुरत, सावकाश जातें.

आतां कामाचा क्रम सांगतों. चैत्रांत वरची चारपांच इंच कसदार माती काढून एका बाजूस रचावी. खालची जमीन खणून वैशाखाचें ऊन तिला खाऊं द्यावें, आणि लव्हाळ्याच्या गांठी हातानें वेंचून टाकाव्या. एक गांठ राहिली तरी तिच्यापासून पुढें अनेक होतात. खळगे भरतांना चारचार इंचांचे थर द्यावे व प्रत्येक थर किंचित् ओलवून चोपावा. एकदम भरलेला खड्डा पहिल्या पावसांतच खचतो. मग वरची माती चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून परत पसरावी. ताजें शेण घालूं नये. त्याबरोबर तणाचें बीं येतें.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे, कारण तींत कांहींच करावयाचें नसतें. मृग आणि आर्द्रा हीं दोन नक्षत्रें जमीन तशीच पडूं द्यावी. पाऊस तिची परीक्षा घेईल. जेथें पाणी सांचेल तेथें खूण करावी, आणि वाफसा आल्यावर तेवढीच जागा भरून घ्यावी. माती चिकट असतांना तीवर पाय देऊं नये; तुडविलेली ओली काळी माती वाळल्यावर विटेसारखी होते.

पुनर्वसु लागला म्हणजे लावणी करावी. गवत कोणतें? आमचें मत निःसंशय हरळीचें. ज्या हरळीस वऱ्हाड-नागपुराकडील शेतकरी कपाशींतून उपटतां उपटतां टेकीस येतो, तीच आपली दूर्वा. तिचा चिवटपणा शेतांत शाप असला तरी अंगणांत वर ठरतो. तिचें बीं फार बारीक असतें. वाळूंत मिसळून, एकदां उभें व एकदां आडवें असें फेंकावें, दंताळ्यानें हलकेंच झांकावें, आणि उघडीप पाहूनच पेरावें, नाहीं तर एका सरींत तें वाहून जातें. त्यापेक्षां मुळ्यांचे तुकडे तीनचार इंचांवर टोंचणें अधिक खात्रीचें. झाडाच्या दाट सावलींत मात्र हरळीचा आग्रह धरूं नये. तेथें मुरूम टाकून तुळशीवृंदावनाकडे वाट काढावी. एका कडेस हातभर रुंद पट्टा न कापतां राखावा, म्हणजे गणेशचतुर्थीस कोंवळ्या दूर्वा घरच्या घरीं मिळतील.

शेवटीं एक नाजूक प्रश्न. मे महिन्यांत पारा पंचेचाळिसांपलीकडे गेला आणि हरळी पिवळी पडली, म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. तरुण मंडळी नळी सोडूं म्हणतात. वडील मंडळी पाण्याकडे बोट दाखवितात. येथें हिशेबच पंच व्हावा. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यावयाचें तर सुमारें २,३६० लिटर लागतें. पेंच आणि कन्हान येथून शहरास येणारें तें शुद्ध केलेलें पिण्याचें पाणी! आमचा कौल वडिलांकडे आहे. पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते. तिचे कंद मातींत निजलेले असतात, आणि मृगाच्या सरीबरोबर ती पुन्हां फुटते. तथापि तरुणांचेंही थोडें ऐकावें: बसावयाच्या जागेपुरतें, दहा हात लांबरुंद अंगण तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर हिरवें ठेवण्यास हरकत नाहीं. तेवढें पाणी रोज नेऊन घालण्याचें काम मात्र ज्यांनीं हट्ट धरला त्यांनींच पत्करावें.