मुंबईला दुकान न्यायचंय? घर लगेच नेऊ नका



दिवाळी झाली की कळमनुरीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुंबईहून कुणाचा तरी मेव्हणा नाहीतर चुलतभाऊ आलेला असतो. तो म्हणतो, "इथं काय ठेवलंय? तिकडं चल, दिवसाला दहा हजाराचा गल्ला आहे." सोबत मोबाईलमध्ये चौपाटीवर बसलेल्या पोरांचे फोटो. मग लग्नाला पाच-सहा वर्षं झालेला, एक लेकरू बालवाडीत आणि एक कडेवर असा दुकानदार रात्री झोपत नाही. त्याची बायकोही झोपत नाही, पण तिला कुणी विचारलेलं नसतं.

व्हिडिओत वेळ पुरत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा आधी जाऊ द्या. घर मागून, तिकडच्या धंद्यानं एक पावसाळा काढल्यावर. आणि हा मधला काळ एका वर्षापेक्षा जास्त ताणू नका.

आता हिशोब. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा, बसस्टँडजवळ लेडीज वेअरचं छोटं दुकान आहे. महिन्याची विक्री 1,70,000 आणि मार्जिन 20 टक्के, म्हणजे हातात 34,000. दुकानभाडं 4,000, लाईट आणि किरकोळ 2,000, घरखर्च 16,000. घर वडिलांचं, भाडं नाही. शिल्लक 12,000.

हेच दुकान नालासोपारा किंवा दिव्याकडं नेलं असं धरा. गाळ्याचं भाडं 18,000, लाईट-मेंटेनन्स 4,000, राहण्याच्या खोलीचं भाडं 10,000, घरखर्च 22,000, कारण तिथं शाळा आली, लोकलचा पास आला, कोथिंबीरसुद्धा विकत आली. बेरीज 54,000. एवढे मिळाले तर तुम्ही फक्त शून्यावर. म्हणजे 20 टक्के मार्जिनवर महिन्याला 2,70,000 विक्री, दिवसाला 9,000. कळमनुरीत पडत होते तेच 12,000 मागे टाकायचे असतील तर विक्री हवी 3,30,000, दिवसाला 11,000, तेही एक दिवस सुट्टी न घेता. मेव्हणा सांगतो तो दहा हजाराचा गल्ला खरा असेल हो. पण त्यात तुम्ही आहात त्याच्यापेक्षा थोडे मागेच पडता. आणि यात गाळ्याचं डिपॉझिट, खोलीचं डिपॉझिट, दोन्हीकडची दलाली आणि फर्निचर धरलेलंच नाही.

या हिशोबात अजून एक खर्च लपलेला आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे. कळमनुरीत दुपारी तुम्ही जेवायला जाता, नांदेडला माल आणायला जाता, तेव्हा काउंटरवर कोण बसतं? बायको. आणि ती काउंटरवर असताना पोरं कोणाकडं? आजीकडं. या दोन माणसांचा पगार आपण वहीत कधीच लिहीत नाही. तिकडं आजी नाही. म्हणजे बायको खोलीत अडकली आणि काउंटरवर पगारी माणूस आला, नाहीतर पाळणाघर आलं. त्याचे दहा-बारा हजार वर मांडा आणि दिवसाची विक्री पुन्हा काढा. माझ्या ट्रेनिंगमध्ये मी हा आकडा फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या रांगेतल्या ताई हसतात आणि दादा लोक खाली बघतात.

दुसरी गोष्ट उधारीची. नांदेडचा होलसेलर तुम्हाला महिनाभराच्या उधारीवर माल देतो, कारण तो तुमच्या वडिलांना ओळखतो. एक सीझन पडला तर तो थांबतो. ही ओळख म्हणजे भांडवल आहे, बिनव्याजी भांडवल, आणि ते टेम्पोत भरता येत नाही. मस्जिद बंदरच्या गल्लीत पहिल्या दिवशी तुम्हाला कोण उधार देणार? आज लाखाचा माल उधारीवर फिरवत असाल, तर तिकडं तेवढी रोकड वेगळी बाजूला काढावी लागेल. बरेच जण डिपॉझिटची तयारी करतात आणि इथं गळपटतात.

"मग आपली माणसं मुंबईत गेलीच नाहीत का?" गेली की. कशी गेली ते बघा. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून माणूस बहुतेक एकटा गेला. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपले, खानावळीत जेवले, घर गावाला राहिलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो लांबतच गेला. ज्यांचं गावात घर आणि चार काकऱ्या शेत शिल्लक होतं, त्यांना परतायला जागा होती. मुंबईत ज्यांचं सगळंच होतं, त्यांचे हाल जास्त झाले. डबेवाल्यांचंही तसंच. 1890 च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम आजही मावळ, खेड, जुन्नरकडच्या माणसांच्या हातात आहे, कारण नवा पोरगा गावाच्या ओळखीनं टोळीत येतो. त्याला पहिल्या महिन्यात खोली शोधावी लागत नाही, गिऱ्हाईकही शोधावं लागत नाही.

पण या जुन्या पद्धतीचं मी गुणगान करणार नाही. एकट्या पुरुषाच्या मुंबईची किंमत गावातल्या बाईनं भरली. शेत, सासू-सासरे, आजारी पोरं, सगळं तिच्या डोक्यावर, आणि नवरा गणपतीला, शिमग्याला दिसणार. म्हणूनच मी वरती एक वर्षाची मर्यादा घातली. तीन वर्षांचं लेकरू बापाला व्हिडिओ कॉलवरच ओळखायला लागलं, तर तो गल्ला काय कामाचा?

गिरणगावातून धंद्याचं एक उदाहरण मात्र जरूर घ्या. सगळे गिरणीत नोकरी शोधत होते, तेव्हा काही बायकांनी घरीच खानावळी चालवल्या. कामगार महिन्यानं पैसे देणार, किराणा मात्र रोज लागणार, म्हणून त्या सावकाराकडं अडकल्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. समुद्राकाठच्या शहरात ज्यानं त्यानं करून झालेला धंदा करायचा, की तिथं आलेल्या माणसाला काय कमी पडतंय ते बघायचं, याचा विचार इथं बसून करता येतो. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं मुंबईत गेली. त्यांच्या नातवंडांना ज्वारीची कडक भाकर, आपल्याकडची हळद, येसर आमटीचा मसाला हवाच असतो. लेडीज वेअरची दुकानं तिथं प्रत्येक गल्लीत आहेत.

आणि माल पाठवायला माणूस पाठवावाच लागतो असं नाही. जालन्यापर्यंतच येणारी मुंबईची जनशताब्दी 2024 पासून हिंगोलीपर्यंत येते. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झालाय आणि वाशिमकडून आपल्याला तो जवळ पडतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे पुड्यावर आता नुसतं "घरगुती हळद" लिहून थांबायची गरज नाही, मात्र ते नाव वापरण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. बायको उमेदच्या बचत गटात असेल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी नाव लावा. गाळा नाही, डिपॉझिट नाही, आणि आठ-दहा दिवसांत कळतं की मुंबईचं गिऱ्हाईक तुमच्या पुड्याला हात लावतंय की पुढं जातंय. ओळखीच्या दुकानात एक रॅक कमिशनवर मिळाला तर तोही घ्या. असे सहा महिने माल फिरला आणि परत ऑर्डर आली, की मग गाळ्याचं बोला.

समुद्राबद्दल थोडं. आपल्याला तो फोटोत दिसतो, मालाला तो हवेत लागतो. आपल्या कोरड्या उन्हात वाळवलेला पापड तिकडं जुलैत सादळतो. हळद पावडरीचे गोळे होतात, मिरचीला बुरशी धरते, कपड्यांच्या गठ्ठ्याला कुबट वास येतो, शिलाई मशीनला गंज चढतो. इथली साधी पिशवी तिथं चालत नाही, जाड पॅकिंग लागतं आणि तो खर्च मार्जिनमधून जातो. मी "एक पावसाळा काढल्यावर" म्हणतो ते यासाठी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या जिल्ह्यात सरासरीच्या वर्षी अख्ख्या पावसाळ्यात एवढा पडत नाही. असा दिवस रोज येत नाही, पण सखल भागातल्या तळमजल्याच्या गाळ्यात गुडघाभर पाणी यायला एवढ्या पावसाची गरजही नसते. रत्नागिरी, मालवणचा विचार करणाऱ्यांनाही हेच लागू. तिथं भाडं कमी आहे, पण पर्यटकांवरचा धंदा पावसाळ्यात बसतो, आणि भाडं बाराही महिने द्यायचंच असतं.

आता कागदपत्रं, कारण यात लोक पैसे घालवतात. पीएमईजीपीमधून कर्ज घ्यायचा विचार असेल तर जागेवरून अनुदान बदलतं. सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात प्रकल्पाच्या 25 टक्के, शहरी भागात 15 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक अशा विशेष गटाला ग्रामीण 35 आणि शहरी 25. दहा लाखांच्या प्रकल्पावर हा सरळ एक लाखाचा फरक आहे. 2022 च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामपंचायत हद्द म्हणजे ग्रामीण आणि नगरपालिका हद्द म्हणजे शहरी. त्यामुळे कळमनुरी नगरपरिषदेची हद्द ओलांडून दोन-तीन किलोमीटरवर युनिट टाकलं तरी आकडा बदलतो, मुंबईची तर गोष्टच सोडा. शिवाय हे अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं आणि युनिट जागेवर चालू आहे का याची तपासणी होते. कर्ज घेऊन दुसऱ्याच वर्षी टेम्पो भरायचा बेत असेल तर आधी मॅनेजरकडं जाऊन लेखी विचारा. जीएसटी असेल तर राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, पत्ता बदलून घ्यायचा. खाद्यपदार्थाची एफएसएसएआय नोंदणी जागेला धरून असते, ती नव्या जागेसाठी नव्यानं बघावी लागते.

पोराला आरटीईच्या 25 टक्क्यांतून शाळा मिळाली असेल, तर घाईनं दाखला काढू नका. हा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात मिळतो. दुसरीतल्या पोराला मुंबईत नेलं की तिथं पूर्ण फी. रेशनचं मात्र टेन्शन घेऊ नका, आधार जोडलेलं असेल तर धान्य दुसऱ्या गावातही उचलता येतं.

माझ्या मताला अपवाद आहेत. बायकोला तिकडं पक्की नोकरी लागली, नर्स म्हणून, शिक्षिका म्हणून, तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून जा आणि तुमचा धंदा तिच्या पगाराच्या आधारावर हळूहळू उभा करा. तेव्हा "लोक काय म्हणतील" हा हिशोब काढू नका. लेकराला असा काही आजार असेल की ज्याचा नियमित उपचार नांदेडलाही होत नाही, तर दुकानाचा विचार नंतर. आणि घरात रोज भांडणं आहेत म्हणून दूर जायचं असेल, तर वेगळी चूल कळमनुरीतही मांडता येते, तिला फार कमी डिपॉझिट लागतं.

ज्यांनी सगळं मोजलंय आणि ज्यांचा माल तिकडं सहा महिने खपलाय, त्यांनी गाळा बघायला डिसेंबरात जाऊ नका. जुलैत जा, आणि बायकोला सोबत न्या. गाळा तुम्ही बघा, शाळा, पाणी यायची वेळ आणि संध्याकाळी सहाची लोकल तिला बघू द्या. गाळ्याच्या मालकाला पाण्याबद्दल विचारू नका, तो नाहीच म्हणणार. शेजारच्या दुकानदाराला विचारा, आणि त्याच्या दुकानातला सगळ्यात खालचा फळा जमिनीपासून किती वर आहे ते बघा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. सही करण्याआधी त्यात लॉक-इन किती महिन्यांचं आहे ते वाचा. अकरा महिन्यांच्या करारात अकराही महिने लॉक-इन असेल तर तीन महिन्यांवर आणायला सांगा. मालक ऐकत नसेल तर दुसरा गाळा बघा, मुंबईत गाळे भरपूर आहेत.