फुगे फरशीला, बोलणी गृहिणीला

तळमजल्याचा जुना कोबा उखडून नवी फरशी बसवण्यापेक्षा त्यावर एपॉक्सीचा लेप द्यावा, असं हल्ली पुष्कळ घरांतून ठरतं. सांधे नाहीत, पुसायला सोपं. पण लेपावर फुगे धरले, की कंत्राटदार सांगून मोकळा होतो, "बाईंनी पाणी ओतून धुतलं असेल!" आणि घरचेही मान डोलावतात. एका भगिनीने नेमकं हेच कळवलं आहे. शिवणवर्गासाठी साठवलेले पैसे त्यांनी या खोलीत घातले, आणि आता "वरून आणखी एक हात मारू" म्हणून पुन्हा पैसे मागितले जात आहेत.

ताई, आधी मनातली रुखरुख काढून टाका. नीट वाळलेल्या लेपावर ओलं फडकं फिरवल्याने फुगे येत नाहीत. कोबा दिसतो घट्ट, पण त्यात असंख्य बारीक छिद्रं असतात. ऊन चढलं की आतली हवा फुगते नि ताज्या लेपातून वर येते. लेप तोवर आळू लागला असेल, तर फुगा तिथेच थिजतो. लेपाचे दोन भाग जोरजोराने घुसळले, तरी ताकासारखा फेस होऊन हवा अडकते. तिसरं कारण जमिनीतली ओल. ती वर येऊन लेपाला कोब्यापासून सोडवते.

टाचणीच्या डोक्याएवढे फुगे असतील आणि बाकी लेप घट्ट असेल, तर ते बहुधा हवेचे. रुपयाएवढे किंवा मोठे असतील, नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजत असतील, तर एक कापून बघा. खाली दमट लागलं, तर ओलीचा संशय धरा.

खात्री घरीच करता येते. लेप खरवडलेल्या जागी, ऊन येणार नाही असं पाहून, दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. किमान १६ तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला, तर ओल आहे. ते कंत्राटदाराला दाखवा, घरच्यांनाही दाखवा!

फुगे हवेचे असतील तर ते पॉलिश पेपरने फोडून घासा. सगळा लेप खरखरीत करून धूळ पूर्ण टिपा. मग छिद्रांत एपॉक्सी पत्र्याच्या पट्टीने दाबून भरा. ते वाळल्यावर वर पातळ हात द्या. पोकळ पापुद्रे मात्र घट्ट कडेपर्यंत कापून काढावे लागतात. न घासता वरून हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात!

ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधा. जोत्याशी पाणी साचतं का, नळ गळतो का, ते बघा. ते दुरुस्त करून कोबा वाळू द्या, मग ओल अडवणारा प्रायमर लावून घ्या. हे काम पावसाळ्यात काढूच नका. कोबा नवा असेल तर निदान २८ दिवस थांबा.

लेप उतरत्या उन्हात, कोबा निवू लागल्यावर द्यावा. दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणातच घ्यावेत, अंदाजपंचे नको. सावकाश ढवळून लगेच जमिनीवर ओतावं. डब्यात राहिलं तर ते तापून घट्ट होतं. ओल्या लेपावर काटेरी रूळ फिरवला की उरलीसुरली हवा निघते.

घासताना नाकावर मास्क आणि लेप हाताळताना हातमोजे हवेतच. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर ठेवा. अंगाला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने नव्हे.

आणि ताई, पैसे देण्याआधी काय काय करणार ते कंत्राटदाराकडून कागदावर लिहून घ्या. शिवणवर्ग सुरू झाला की जरूर कळवा!