पोथीतून सुटलेले पान

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथीची जी परंपरा आजही नांदते आहे, आणि जिचा गौरव परशुराम गंगावणे यांना २०२१ साली लाभलेल्या पद्मश्रीने झाला, तीत एकेका आख्यानाची चित्रे क्रमवार लावून त्यांची पोथी सिद्ध केलेली असते. त्या पोथीतून एखादे पान सुटले, तर त्यावरील रंगरेषा जशाच्या तशा राहतात, परंतु प्रसंग कोणता हे सांगणे दुरापास्त होते. ध्वनीला मस्तिष्कस्तंभ देत असलेला विद्युत्-प्रतिसाद नोंदवून श्रवण तपासणाऱ्या ज्या चाचणीस आपण व्यवहारात 'बेरा' म्हणतो, तिचे अहवाल वाचताना आम्हांस वारंवार अशाच सुट्या पानाची आठवण होते. कारण आलेख असतो, 'पाचवी लहर आढळली नाही' असा शेरा असतो, खाली सही-शिक्काही असतो, मात्र कोणत्या ध्वनीला ती आढळली नाही याचा दाखला नसतो.

ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये मानवी मस्तिष्कस्तंभाच्या या लहरींचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून हे ज्ञात आहे की ध्वनीनंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत उमटणारा हा प्रतिसाद मुख्यतः ध्वनीच्या प्रारंभाचा असतो. चित्रकथीच्या साथीला हुडुक आणि वीणा दोन्ही असतात. हुडुकावरील थाप एका क्षणात उमटते, वीणेचा स्वर मात्र रेंगाळत राहतो. शंभर मायक्रोसेकंदांचा क्लिक हा त्या थापेच्या जातीचा. त्याने असंख्य चेतातंतू एकाच क्षणी जागे होतात आणि लहर ठसठशीत उमटते, परंतु ती प्रामुख्याने २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याचीच साक्ष देते. म्हणून ज्या बालकाचे उच्च स्वरांचे श्रवण गेले आहे, पण ५०० हर्ट्झचे शाबूत आहे, त्याचा क्लिकचा आलेख कोरा येऊ शकतो. त्या कोऱ्या कागदावरून त्यास पूर्ण बधिर ठरविणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचा फैसला करणे होय. तेथे एकाच वारंवारतेचा आखूड स्वर, म्हणजे टोन बर्स्ट, हवाच, जरी त्याच्या मंद चढणीमुळे लहर पसरट आणि वाचण्यास कष्टाची होत असली तरी.

तीव्रतेचेही असेच आहे: प्रौढांत मोठ्या क्लिकला साडेपाच ते सहा मिलिसेकंदांनी येणारी पाचवी लहर श्रवणाच्या किमान पातळीजवळ सुमारे आठपर्यंत मागे सरते, तेव्हा तीव्रता नोंदविल्यावाचून विलंबाचा आकडा निरर्थक ठरतो. सेकंदाला ११.१ या गतीने दोन हजार ध्वनी देण्यास तीन मिनिटे लागतात, ३७.७ ने मिनिटही लागत नाही. झोपेतून केव्हाही उठेल अशा तान्ह्यासमोर ही घाई समजण्याजोगी आहे, पण तिची किंमत म्हणून आरंभीच्या लहरी खुजट होतात आणि पाचवी उशिरा येते. (हे अपूर्णांक हौसेचे नव्हेत, आपल्या विजेच्या पन्नास हर्ट्झशी गतीचा मेळ बसू नये म्हणून ते योजिलेले आहेत.) ध्रुवतेकडे तर सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आलटून-पालटून ध्रुवता ठेवण्याचा शिरस्ता यंत्रजन्य दोष पुसतो खरा, परंतु त्याबरोबर कॉक्लियाचा मायक्रोफोनिक प्रतिसादही पुसून टाकतो, आणि श्रवणचेतेच्या न्यूरोपथीचा एकमेव पुरावा कधी कधी तोच असतो. लहरी नसतील तेथे विरलन आणि संपीडन या दोन्ही ध्रुवता स्वतंत्रपणे, शिवाय इयरफोनची नळी दाबून धरून, पाहिलीच पाहिजेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१३ पासून जन्मजात बहिरेपणास तपासणीच्या कक्षेत आणले आहे. यापुढे कोकणातील एखादे जोडपे मूल कडेवर घेऊन, रात्रभराचा प्रवास करून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत पोहोचेल, तेव्हा तेथील तज्ज्ञाने जुन्या आलेखाशी नवा ताडून पाहावा अशी त्यांची रास्त अपेक्षा असेल. आणि जुन्या कागदावर ध्वनीचा तपशील नसेल, तर त्या मुलाला पुन्हा झोपविण्यापासून सारे आरंभावे लागेल.

सबब आमची विनंती मोजकीच आहे. ध्वनीचा प्रकार, वारंवारता, तीव्रता, गती, ध्रुवता आणि इयरफोन ही सहा कलमे प्रत्येक आलेखाच्या माथ्यावर लिहावीत, आणि शेरा त्यांच्या खालीच घालावा.