वाफसा कोण ठरवणार?

सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनीच मातीच्या शेवया वळल्या आहेत! वळता वळता ३ मिमी जाडीला शेवई तुटू लागली की तेव्हाचं पाण्याचं प्रमाण म्हणजे 'प्लॅस्टिक लिमिट'. स्वीडनच्या अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये ही कल्पना मांडली. आपण जर्नल लिहितो, सही घेतो, विषय संपला.

पोलादपूरला आमचे आजोबा हीच टेस्ट लॅबशिवाय करतात. वीतभर खालची माती मुठीत दाबायची आणि गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर थांबायचं, गोळाच झाला नाही तर ओल गेली. मी कॉन्व्हेंटवाली, 'वाफसा'ला इंग्रजीत एक नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला खाचरात पाणी हवंच. पण भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल करायचा तर वाफसाच लागतो. ओल्या मातीत नांगर घातला की मोठी ढेकळं निघतात आणि उन्हात विटेसारखी वाळतात. उशीर केला तर ओल उडून जाते. मधले दिवस मोजकेच!

आणि भाड्याचा ट्रॅक्टर येतो नंबर लागेल तेव्हा. म्हणजे नांगरणीचा दिवस माती नाही, ड्रायव्हरची वही ठरवते. माझा आक्षेप इथेच आहे. दीड-दोन टनांचं यंत्र ओल्या खाचरात फिरलं की चाकाखालची माती दबते, हवेची छिद्रं बुजतात. वरून काहीच दिसत नाही, नुकसान मुळांना कळतं.

ट्रॅक्टर नकोच, असं मी म्हणत नाही. बैलजोडी वर्षभर पोसणं आज किती जणांना परवडतं? पण उतारावरच्या लहान खाचरांना चार-पाचशे किलोचा पॉवर टिलर जास्त बरा. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून घेतला तर दिवस आपल्या हातात राहतो. "सगळ्यांना एकाच दिवशी हवा असला तर भांडणं होतील," असं कुणी म्हणेल. पण वरच्या खाचराला वाफसा आधी येतो, खालच्या पाणथळीला नंतर. पाळी उतारानेच लावून दिलेली आहे!

आपल्या एनएसएस कॅम्पमध्ये एखाद्या वाडीतल्या खाचरांची प्लॅस्टिक लिमिट काढून ती मुठीतल्या गोळ्याशी ताडून पाहायला काय हरकत आहे? त्या शेवयांचा जर्नलबाहेरही उपयोग होऊ दे की!