गाण्याची साठेबाजी

टंचाई दोन तऱ्हेची असते. एक, पाऊस पडला नाही, पिकलं नाही म्हणून. दुसरी, गोदाम भरलेलं असताना दाराला कुलूप लावलं म्हणून. पहिलीत माणसं मरतात. दुसरीत मारली जातात. ही दुसरी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. गोणी वाहणाऱ्याला आत किती माल पडलाय ते ठाऊक असतं, आणि बाहेर दुकानावर 'माल नाही' अशी पाटी लागलेली असते तीही तोच वाचतो.

आता ही दुसरी टंचाई गाण्यात आलीय.

गाण्यात म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डीत. तीच काळी तबकडी. तिला मसणात पोचवून सगळे घरी आले होते, तर ती उठून बसली. अमेरिकेत २०२२ साली ४ कोटी १० लाख रेकॉर्डी खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच नगाच्या हिशेबात रेकॉर्डीनं सीडीला मागं टाकलं. चांगलं झालं. रेकॉर्डीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या पाकिटावर मारलेल्या नंबराशी. '५०० पैकी २१७.' 'मर्यादित आवृत्ती.' 'पुन्हा निघणार नाही.'

का निघणार नाही? कांदा सडतो, मासळी नासते, गाणं नासत नाही. रेकॉर्ड छापायचा साचा झिजला तर तो ज्या धातूच्या तबकडीवरून काढलेला असतो तिच्यावरून दुसरा काढता येतो. त्या तबकडीला धंद्यात 'मदर' म्हणतात. म्हणजे आई जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि हे सांगतात की आता लेकरू होणार नाही! ही टंचाई निसर्गानं केलेली नाही. ती टेबलावर बसून ठरवलेली आहे. आपल्याकडं याला साठेबाजी म्हणतात. त्यांच्याकडं 'कलेक्टर्स एडिशन' म्हणतात. इंग्रजीत गेलं की चोराचा सावकार होतो.

कुणी म्हणेल, गोदीत माल वाहणाऱ्याला ह्या साहेबी शौकाचं काय? सांगतो. पण आधी जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणू, म्हणजे भांडणात खोट राहणार नाही.

अमेरिकेत गल्लीबोळातली स्वतंत्र रेकॉर्डची दुकानं मरायला टेकली होती. स्वतंत्र म्हणजे कुठल्या बड्या साखळीतली नव्हेत, एका मालकाची, एका मोहल्ल्याची. इंटरनेटनं गाणं फुकट करून टाकलेलं. 'टॉवर रेकॉर्ड्स'सारखी जंगी साखळीसुद्धा २००६ साली तिथं दिवाळं काढून बंद झाली, तिथं ह्या लहानांची काय कथा? तेव्हा काही दुकानदार २००७ साली एकत्र आले आणि त्यांनी एक दिवस ठरवला, 'रेकॉर्ड स्टोअर डे'. पहिला साजरा झाला १९ एप्रिल २००८ ला. त्या दिवसासाठी खास रेकॉर्डी छापायच्या, त्या फक्त अशा दुकानांतच मिळणार. लोक घराबाहेर पडतील, दुकानात पाय ठेवतील, दोन गोष्टी बोलतील, गल्ला वाजेल. विचार नेक होता. लहान दुकानदारांनी एकजूट केली, त्याला आपण नाव ठेवणार नाही.

पण जिथं रांग लागते तिथं दलाल येतो, हा जगाचा नियम आहे. सिनेमाच्या खिडकीवर ब्लॅकवाला असायचा, तसा आता रेकॉर्डच्या रांगेत असतो. रात्रीपासून रांगेत उभं राहायचं, सकाळी माल उचलायचा, आणि संध्याकाळच्या आत तोच माल इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट भावानं टाकायचा. ज्याला गाणं ऐकायचंय तो दिवसपाळी संपवून दुकानात येतो तेव्हा फळी रिकामी. दुकानदाराला काय मिळालं? छापील किंमत. वरची मलई दलालाला. आणि ह्या खास रेकॉर्डी उरल्या तर कंपनी सहसा परत घेत नाही. म्हणजे जोखीम लहान्याची, जाहिरात मोठ्याची.

मग मोठ्या कंपन्यांना चटक लागली. एकच गाणं लाल रंगात, निळ्या रंगात, चितारलेल्या तबकडीवर. टेलर स्विफ्टची 'मिडनाइट्स' २०२२ साली आली ती चार वेगवेगळ्या पाकिटांत. चारही पाकिटांच्या पाठी जुळवल्या की घड्याळाची तबकडी पुरी होते. म्हणजे भिंतीवर घड्याळ लावायचं असेल तर तीच गाणी चारदा विकत घ्या! ऐकायला एक पुरे होती. उरलेल्या तिनांतलं गाणं कुणी ऐकणारच नाही. ते गाणं मुकं करून विकलंय.

आणि हे चाललंय तेव्हा खऱ्या फाटक्या गायकाचं काय होतं बघा. तबकडी कोरायला जी लॅकरची थाळी लागते ती बनवणारे कारखाने जगात दोनच उरले होते. त्यांतला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला, उरला जपानातला. रेकॉर्ड छापणारी यंत्रं मोजकी. २०२१ साली अडेलच्या एका अल्बमच्या ५ लाखांवर रेकॉर्डी छापल्या गेल्या. त्या काळात लहान गायक, लहान कंपन्या महिनेमहिने नंबर लावून ताटकळत बसल्या. यंत्र तेच, पाळी तीच. त्यावर एका बड्याची तीच गाणी चार रंगांत निघतात आणि एका गरिबाचं पहिलं गाणं थांबतं. एकाची ती हौस, दुसऱ्याची खरोखरची टंचाई.

आता माझा काय संबंध, ते सांगतो. ज्या गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी आज सोन्याच्या भावानं जातात, ती गाणी कुणाची? काळ्यांची. गुलामांच्या नातवंडांची. कापूस वेचणाऱ्यांची, धक्क्यावर ओझी वाहणाऱ्यांची.

१९२० साली मेमी स्मिथ ह्या काळ्या बाईचं 'क्रेझी ब्लूज' निघालं आणि धो धो खपलं. तेव्हा गोऱ्या कंपन्यांना साक्षात्कार झाला की काळा माणूसही पैसे मोजून गाणं घेतो. मग त्यांनी काळ्यांसाठी वेगळ्या रेकॉर्डी काढल्या. नाव दिलं 'रेस रेकॉर्ड्स'. आपल्या भाषेत सांगायचं तर गाण्याचा वेगळा पाणवठा. त्यांतली एक कंपनी 'पॅरामाउंट'. ती मुळात विस्कॉन्सिनातल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. ग्रामोफोनची लाकडी कपाटं विकायची होती, म्हणून सोबत रेकॉर्डी. गाणाऱ्याच्या हातावर ठोक चार पैसे टेकवायचे आणि चालता कर. माल हलका, खरखर फार. पण किंमत ७५ सेंट, आणि जाहिरात काळ्यांच्या 'शिकागो डिफेंडर' पत्रात. रेल्वेच्या डब्यांत राबणारे काळे पोर्टर ह्या रेकॉर्डी दक्षिणेत नेऊन विकायचे. शेतमजुराच्या खोपटात ते गाणं वाजायचं, झिजेपर्यंत वाजायचं. म्हणूनच त्या फार उरल्या नाहीत.

आणि ती तबकडी कशाची होती? लाखेची. पळस, कुसुंब, बोरीच्या फांद्यांवर किडा बसतो, त्याची लाख. ती छोटा नागपूरच्या रानात आमचा आदिवासी खरवडायचा, आणि कलकत्त्याच्या गोदीतून ती जहाजावर चढायची. कुणाच्या पाठीवरून? आमच्यासारख्याच्याच. १९४२ साली लढाईनं लाखेची वाट अडली, तर अमेरिकेच्या सरकारनं रेकॉर्डींसाठीची लाख ७० टक्क्यांनी तोडली, आणि तिकडचं गाणं घशात अडकलं. तेव्हा त्या तबकडीत गळा काळ्याचा होता आणि चिकटा आमच्या रानाचा. म्हणून विचारतोय. पाठीवरून जे गेलं त्याचा पुढं काय भाव झाला, हे विचारायचा हक्क हमालाला आहे.

भाव असा झाला. टॉमी जॉन्सन नावाचा मिसिसिपीचा गायक, १९५६ साली मेला. पॅरामाउंटवर निघालेली त्याची एक रेकॉर्ड २०१३ साली ३७,१०० डॉलरला गेली. मेलेल्या माणसाला त्यातला एक सेंटही जात नाही. त्याच २०१३ साली जॅक व्हाइटच्या कंपनीनं दुसऱ्या एका कंपनीबरोबर पॅरामाउंटची ८०० गाणी पुन्हा आणली. कशी? ओकच्या लाकडी पेटीत घालून, किंमत ४०० डॉलर, नग फक्त ५,०००. काम मेहनतीनं केलंय, गाणी धूळ झटकून गोळा केलीत, ते मान्य. पण ७५ सेंटची गरिबाची चीज दिवाणखान्यातलं फर्निचर झाली, त्याचं काय? खुर्चीवाल्यानं सुरू केलं आणि पेटीवाल्यानं पुरं केलं. मधला गाणारा कुठल्याच लाकडावर बसला नाही.

इथं एक फरक नीट समजून घ्या. जुनी रेकॉर्ड दुर्मिळ होते ती उपेक्षेनं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीनं १९६५ साली फ्रँक विल्सनचं एक गाणं अडीचशेच्या आसपास छापलं आणि बाजारात न आणता बहुतेक सगळी नष्ट केली. दोन-चार वाचली. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या गावांतली पोरं असल्या टाकून दिलेल्या काळ्या गाण्यांवर रात्र रात्र नाचायची. विगन कसिनोत १९७३ ते १९८१ हाच उद्योग. ज्याला मालकानं कचरा म्हटलं ते कामगाराच्या पोरानं उचललं, झाडलं, डोक्यावर घेतलं. हे प्रेम आहे. पण तिथंही रेकॉर्ड लावणारे गाण्याच्या नावावर कागद चिकटवायचे, दुसऱ्याला ती कळू नये म्हणून. बघा, साठेबाजीचा किडा आपल्यालाही चावतो! २००९ साली त्या विल्सनच्या एका प्रतीला २५,७४२ पौंड पडले. आता कंपन्या काय करतात? तीच उपेक्षा नकली बनवून विकतात. दारिद्र्याचा सोनेरी मुलामा. आमची फाटकी गोधडी त्यांच्या भिंतीवर कला म्हणून टांगलेली, तसला हा प्रकार.

ह्या वाटेचा शेवट कुठं होतो तेही झालेलं आहे. वू-टँग क्लॅन ह्या काळ्या पोरांच्या टोळीनं एका अल्बमची एकच प्रत काढली. रेकॉर्ड नव्हे, दोन सीडी, निकेल-सिल्व्हरच्या पेटीत. गाण्याला चित्राचा मान मिळावा हा त्यांचा इरादा. २१०३ सालापर्यंत धंदा म्हणून बाजारात आणायची नाही ही अट. २०१५ साली ती २० लाख डॉलरला घेतली कुणी? मार्टिन श्क्रेलीनं. त्यानंच त्या साली साडेतेरा डॉलरची औषधाची गोळी ७५० डॉलरला केली होती. एड्सच्या रोग्यांना लागणारी गोळी! गोळी अडवणारा आणि गाणं अडवणारा एकच निघाला, ह्यात मला योगायोग दिसत नाही. पुढं तो तुरुंगात गेला, सरकारनं ती चीज जप्त करून २०२१ साली विकली. मान मिळाला तो पेटीला.

मग दुकानात जायचं नाही का? जायचं! जरूर जायचं. दुकान म्हणजे काय असतं ते डेट्रॉइटच्या जो व्हॉन बॅटलला विचारा. ह्या काळ्या माणसानं १९४५ साली हेस्टिंग्ज स्ट्रीटवर रेकॉर्डचं दुकान काढलं आणि दुकानाच्या मागच्या भागातच ध्वनिमुद्रण सुरू केलं. जॉन ली हूकर त्याच्याकडं गायला. रेव्हरंड फ्रँकलिनची प्रवचनं त्यानं टिपली, आणि १९५६ साली रेव्हरंडच्या चौदा वर्षांच्या पोरीचा, अरेथाचा आवाजही. पुढं मोटाररस्त्यासाठी हेस्टिंग्ज स्ट्रीट जमीनदोस्त केला. तो बाराव्या रस्त्यावर गेला. १९६७ च्या उठावात ते दुकानही गेलं, टेपांसकट. मेम्फिसला स्टॅक्स कंपनीच्या दारातच एस्टेल ॲक्सटनचं दुकान होतं. मोहल्ल्यातली पोरं कुठल्या गाण्यावर डुलतात ते बघून ती बाई कंपनीला सांगायची काय काढा. बुकर टी. जोन्स पोरवयात तिथंच पडीक असायचा. असलं दुकान शाळा असते. तिथं फुकट ऐकायला मिळतं, भांडायला मिळतं. हे वाचलं पाहिजे. पण ते वर्षातल्या एका दिवसाच्या झुंडीनं वाचत नाही. उरलेल्या ३६४ दिवसांत कुणीतरी दोन जुन्या स्वस्त रेकॉर्डी घेतं, त्यावर ते उभं राहतं.

कुणी विचारेल, फाटका गायक स्वतःच्या खिशातून ३०० रेकॉर्डी काढतो, त्यालाही झोडणार का? नाही. पैसे संपले म्हणून ३०० आणि भाव चढावा म्हणून ३००, ह्यात गोणी आणि तिजोरीइतका फरक आहे. कसोटी सोपी आहे. माल संपला की पुन्हा छापणार का? 'हो' म्हणतो तो गाणारा. 'कधीच नाही' म्हणतो तो साठेबाज.

आता घरचं. आपल्याकडं गाणं कसं पसरलं? शाहिराच्या तोंडून, मग ऐंशीच्या दशकात कॅसेटवर. एकानं आणली की गल्लीनं उतरवून घेतली. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात फुटपाथवर पुस्तकं आणि गाणी मांडून बसतात, तिथं कुणी नंबर मारत नाही. खेड्यातून आलेली म्हातारी परवडेल ते घेऊन जाते. उद्या कुणी आपल्या शाहिरांची गाणी गुळगुळीत पाकिटात घालून '५०० पैकी १' म्हणून आणील, कौतुकाचे लेख येतील. तेव्हा टाळ्या वाजवू नका. रेकॉर्ड काढताय? काढा. गाणाऱ्याच्या घरच्यांना त्यांचा हिस्सा द्या. आणि संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा छापा.

गाणं ही मोजून वाटायची भाकर नाही. ते वाटलं तर वाढतं. त्याला कुलूप लावणाऱ्याला आम्ही रसिक म्हणणार नाही. त्याचं नाव आम्हाला गोदामापासून माहीत आहे.